डब्ल्यूपीएफ डेटा बाइंडिंग : स्क्रीनवरचा आकडा चुकतो तेव्हा या चुका तपासा

डब्ल्यूपीएफ हे विंडोजवरच्या प्रोग्रामच्या खिडक्या बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे तंत्र आहे, आणि स्क्रीनवरचा रकाना कोडमधल्या ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीला जोडणे म्हणजे बाइंडिंग. हे बाइंडिंग चुकले तर सहसा प्रोग्राम बंद पडत नाही आणि कोणताही संदेश समोर येत नाही. रकाना रिकामा राहतो किंवा जुनाच आकडा दाखवत राहतो. 2006 साली डॉट नेट 3.0 सोबत हे तंत्र आले तेव्हापासून त्याचा हा स्वभाव कायम आहे. मशीद बंदरच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक गंभीर ठरते, कारण गाळ्यावर बसलेला माणूस स्क्रीनवर दिसणारा आकडा खरा मानूनच माल सोडतो.

म्हणून कोडमध्ये हात घालण्यापूर्वी व्हिज्युअल स्टुडिओची आउटपुट विंडो वाचावी. प्रॉपर्टीचे नाव चुकले असेल तर तिथे ‘एरर 40’ ही ओळ येते आणि कोणत्या ऑब्जेक्टवर कोणती प्रॉपर्टी सापडली नाही हे ती नेमके सांगते. अनेकदा ती प्रॉपर्टी नसून पब्लिक फील्ड (गेट-सेट नसलेले साधे व्हेरिएबल) असते, आणि फील्डला बाइंडिंग होत नाही. मात्र आउटपुट कोरे आहे म्हणून बाइंडिंग बरोबर आहे असे समजू नये. डेटाकॉन्टेक्स्टच, म्हणजे बाइंडिंग ज्या ऑब्जेक्टमधून माहिती घेते तोच, नल (रिकामा) असेल तर सहसा एररची ओळ उमटत नाही. अशा वेळी त्या एका बाइंडिंगवर ट्रेसलेव्हल (नोंदींची पातळी) ‘हाय’ करावी, म्हणजे स्रोत कुठे शोधला आणि काय मिळाले याचा टप्प्याटप्प्याने हिशेब दिसतो.

पहिल्यांदा आकडा बरोबर दिसतो, पण नंतर बदलत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. क्लासने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस घेतलेला असतो, नग आणि दर यांचे सेटर (प्रॉपर्टीचे मूल्य बदलणारा कोड) बदलाची सूचनाही देतात, पण त्यांच्यावरून काढलेल्या ‘एकूण’ या प्रॉपर्टीची सूचना कोणीच देत नाही. नग बदलला की ‘एकूण’ बदलले हे डब्ल्यूपीएफला आपोआप कळत नाही. नग आणि दर या दोन्ही सेटरमधून त्याची वेगळी सूचना द्यावी लागते. प्रॉपर्टीचे नाव अवतरणचिन्हांत हाताने लिहू नये. सी शार्प 6 पासून नेमऑफ उपलब्ध आहे आणि टायपिंगची चूक त्यामुळे कंपाइल करतानाच पकडली जाते.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे, आणि ती चाचणीत सहजी सापडत नाही. टेक्स्टबॉक्सच्या टेक्स्टचे बाइंडिंग मुळातच दुतर्फा असते, पण लिहिलेला मजकूर ऑब्जेक्टपर्यंत पोहोचतो तो त्या बॉक्सवरचा फोकस गेल्यावर, म्हणजे टाइप करण्याची जागा दुसरीकडे हलल्यावर. बिल करणाऱ्याने शेवटच्या रकान्यात 12 चे 120 केले आणि तिथूनच कंट्रोल-एस दाबले, तर फोकस हललेला नसल्यामुळे 12 हाच आकडा सेव्ह होतो, जरी स्क्रीनवर 120 दिसत असले तरी. टूलबारवरचे सेव्ह बटण दाबल्यावरही हेच घडते, कारण टूलबारचा फोकस स्कोप (फोकसचा हिशेब) स्वतंत्र असतो आणि बॉक्सवरचा फोकस गेला असे मानले जात नाही. चाचणी करणारा बहुधा टॅब दाबत पुढे जातो आणि खिडकीतल्या साध्या बटणावर क्लिक करतो, म्हणून त्याला सगळे ठीक दिसते. यावर मजकूर ऑब्जेक्टकडे कधी पाठवायचा हे ठरवणारा अपडेटसोर्सट्रिगर ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ करता येतो, परंतु दशांश रकमेच्या रकान्यात प्रत्येक अक्षरागणिक रूपांतर झाल्याने टिंब टाइप करताना अडचण येते. पैशांच्या रकान्यांसाठी सेव्ह करण्यापूर्वी फोकस असलेल्या बॉक्सच्या बाइंडिंगवर अपडेटसोर्स (मजकूर लगेच ऑब्जेक्टकडे पाठवणारी मेथड) बोलावणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आपल्याकडे हमखास दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे साडेबारा लाखांची रक्कम 12,50,000 ऐवजी 1,250,000 अशी उमटणे, आणि चलनाचा फॉरमॅट दिला असेल तर तिच्यापुढे चक्क डॉलरचे चिन्ह लागणे. विंडोजमध्ये भारत निवडलेले असूनही असे होते, कारण बाइंडिंग रूपांतरासाठी घटकाची लँग्वेज प्रॉपर्टी पाहते आणि तिचे मूळ मूल्य अमेरिकन इंग्रजी आहे. अ‍ॅप सुरू होतानाच त्या प्रॉपर्टीचा मेटाडेटा बदलून भारतीय कल्चर (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) द्यावे. ते विंडोजच्या सेटिंगवर सोपवू नये, कारण एखाद्या पीसीवर अमेरिकन सेटिंग तसेच राहिलेले असू शकते आणि रुपयांचे बिल प्रत्येक पीसीवर सारखेच दिसले पाहिजे. स्ट्रिंगफॉरमॅट देऊनही लेबलवर काहीच फरक पडत नसेल तर तिथे कंटेंटस्ट्रिंगफॉरमॅट वापरावा.

‘साफ करा’ बटणाच्या कोडमध्ये टेक्स्टब्लॉकचा टेक्स्ट थेट रिकामा केला, तर त्यावरचे एकतर्फी बाइंडिंगच निघून जाते आणि पुढच्या बिलापासून तो रकाना कोराच राहतो. मूळ ऑब्जेक्टमधले मूल्य बदलावे, हा सरळ उपाय. डेटाग्रिडचा कॉलम व्हिज्युअल ट्रीमध्ये (स्क्रीनवरच्या घटकांच्या उतरंडीत) नसतो, त्यामुळे कॉलमच्या स्वतःच्या प्रॉपर्टीला, उदाहरणार्थ व्हिजिबिलिटीला, खिडकीचा डेटाकॉन्टेक्स्ट मिळत नाही. फ्रीझेबल या क्लासपासून बनवलेला छोटा प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट) रिसोर्समध्ये ठेवून तो पुरवावा लागतो.

यादीसाठी साधी लिस्ट न घेता ऑब्झर्व्हेबलकलेक्शन घ्यावे. ते ओळ वाढल्याची किंवा गेल्याची सूचना देते; ओळीच्या आत नग बदलल्याची सूचना मात्र त्या ओळीच्या ऑब्जेक्टनेच द्यायची असते. साठ्याची माहिती सर्व्हरवरून आणणाऱ्या बॅकग्राउंड थ्रेडवरून एखाद्या प्रॉपर्टीची सूचना दिली तर डब्ल्यूपीएफ ती यूआय थ्रेडवर (स्क्रीन हाताळणाऱ्या थ्रेडवर) स्वतः पोहोचवते, पण स्क्रीनला जोडलेल्या यादीत तिथून ओळ घातली तर एक्सेप्शन येते. ती ओळ डिस्पॅचरमार्फत (यूआय थ्रेडकडे काम सोपवणाऱ्या घटकामार्फत) घालावी, किंवा डॉट नेट 4.5 पासून उपलब्ध असलेले एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन यूआय थ्रेडवरूनच बोलावून यादीच्या प्रत्येक वापराला त्या मेथडला दिलेलेच लॉक लावावे.