सॉसमध्ये घोळल्यावरही कुरकुरीत राहणारं ऑरेंज चिकन, घरच्या घरी

ऑरेंज चिकन घरी केलं की दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे सॉस ओतला रे ओतला की पाच मिनिटांत वरचं आवरण मऊ पडून निघायला लागतं, आणि दुसरी म्हणजे संत्र्याचा वासच येत नाही, नुसतं गोड-आंबट काहीतरी लागतं. मी खूप वेळा करून बघितलंय आणि मला आता अगदी ठाम वाटतं की दोन्हीचं मूळ एकच आहे, आपण सगळा भार संत्र्याच्या रसावर टाकतो. रस म्हणजे बहुतेक पाणीच, ते आवरण भिजवतं, आणि संत्र्याचा जो खरा घमघमाट असतो तो रसात कमी आणि सालीत जास्त. म्हणून या पद्धतीत साल भरपूर आहे, आणि पाणी जिथून जिथून काढता येईल तिथून काढलंय.

आणि हे काही माझ्या मनाचं नाही हं. आज टेकआउटवाल्या डब्यात जे ऑरेंज चिकन मिळतं ते अमेरिकेतल्या चायनीज जेवणातलं, पांडा एक्सप्रेस या तिथल्या रेस्टॉरंट-साखळीचे शेफ अँडी काओ यांनी १९८७ साली हवाईत असताना ते बसवलं आणि तिथून ते सगळीकडे गेलं. पण त्याच्या मागे हुनान-सिचुआनकडची जुनी पद्धत आहे, त्यात वाळवलेल्या संत्र्याची साल घालून चिकन करतात, त्या सालीला चेनपी म्हणतात. म्हणजे मुळात सगळा जोर सालीवरच होता, रस आणि साखर नंतर वाढली.

आता चिकन. बोनलेस थाई, म्हणजे मांडीचा भाग घ्या, साधारण ६५० ग्रॅम, यात तिघा-चौघांचं होतं. ब्रेस्ट घेऊ नका असं मी स्पष्टच सांगते, कारण आपण दोनदा तळणार आहोत आणि ब्रेस्ट दुसऱ्या तळणीत कोरडं पडतं. चिकन आतून ७४ डिग्री सेल्सियसला पोचलं की खायला सुरक्षित असतं, पण थाईचं मांस ८० च्या वर गेलं तरी रसरशीत राहतं, त्यामुळे तळताना जीव टांगणीला लागत नाही. तुकडे अडीच-तीन सेंटीमीटरचे करा, आणि सगळे जवळपास सारखे. कापायच्या आधी किचन टॉवेलने नीट टिपून घ्या, पाण्याशी आपलं भांडण इथूनच सुरू होतं.

तुकड्यांना लावायला एका अंड्याचा पांढरा भाग, १ टेबलस्पून सोया सॉस, अर्धा टीस्पून मीठ, दोन चिमूट पांढरी मिरपूड आणि १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. हाताने मिनिटभर चांगलं कालवा, तुकडे चिकट झाले पाहिजेत, आणि अर्धा तास फ्रीजमध्ये झाकून ठेवा. शाओशिंग वाइन, म्हणजे तांदळाची चिनी वाइन, असेल तर एक चमचा घाला, नसेल तर काही अडत नाही.

कोरड्या पिठासाठी १ कप कॉर्नफ्लोअर, पाव कप मैदा, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ. कॉर्नफ्लोअर म्हणजे तो पांढराशुभ्र, चिमटीत दाबला की करकर वाजणारा, मक्याचं पिवळं पीठ नाही, याचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. मैदा कमी का तर मैद्यात ग्लुटेन असतं, ओला झाला की ते चिवट होतं आणि आवरण कडक न होता चामट लागतं, कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, तो तळला की काचेसारखा कडक होतो. पण मैदा अजिबात नसला तर रंग फिका येतो आणि आवरण धरत नाही, म्हणून पाव कप हवाच.

आता खरी युक्ती. मुरवलेल्या चिकनच्या तळाशी जे ओलं मिश्रण उरतं त्यातलं दोन-तीन चमचे या कोरड्या पिठात टाका आणि बोटांनी चोळा, पिठात बारीक बारीक गुठळ्या तयार होतात. त्या मोडू नका! चिकन या पिठात घोळवताना त्याच गुठळ्या वर चिकटतात आणि तळल्यावर तो खडबडीत, खाचाखोचांचा पृष्ठभाग येतो. सॉस त्या खाचांमध्ये बसतो आणि वरची टोकं कोरडी राहतात, कुरकुर ऐकू येते ती त्या टोकांची. एकेक तुकडा पिठात टाकून वरून दाबायचा, अगदी मुठीत धरून दाबायचा, मग झटकून ताटात वेगवेगळा मांडायचा. दहा मिनिटं तसंच राहू द्या. पीठ थोडं ओलसर होऊन धरतं, पांढरे कोरडे डाग दिसेनासे होतात. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात तर सुटं पीठ तेलात पडतं, जळतं, आणि दुसऱ्या घाण्यापर्यंत तेल काळं होतं.

ही दहा मिनिटं संत्र्यांना द्या. दोन संत्री स्वच्छ धुऊन, पुसून, बारीक किसणीवर फक्त नारिंगी भाग किसायचा. एका जागी किसणी एकदाच फिरवायची आणि संत्रं वळवायचं, खालचा पांढरा थर आला की कडवटपणा आला. मग हा किस सॉसच्या साखरेत टाका, साखर ५ टेबलस्पून, आणि बोटांनी चोळा. साखरेचे दाणे सालीतलं तेल ओढून घेतात, मिनिटभरात साखर ओलसर नारिंगी होते आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो. मला तरी या सगळ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. या साखरेतली एक चमचाभर बाजूला काढून ठेवा, शेवटी लागणार आहे.

रस १ कप लागेल, म्हणजे तीन-चार संत्र्यांचा, आणि तो ताजाच काढा. नेव्हल जातीच्या संत्र्यांचा रस काढून ठेवला तर तासाभरानंतर कडवट होत जातो, रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं म्हणून, तेव्हा आदल्या दिवशी काढून ठेवायच्या भानगडीत पडू नका. पॅकमधला रस चालतो, पण साखर न घातलेला, ऑरेंज ड्रिंक किंवा स्क्वॉश मात्र नको. दोन चमचे रस शेवटासाठी बाजूला काढा आणि बाकीचा पसरट पॅनमध्ये मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. आटवायचा तो एकटाच, सोया सॉस आधी घातला तर तोही आटतो आणि खारटपणा हाताबाहेर जातो. सात-आठ मिनिटं लागतात, भांड्याच्या रुंदीवर आहे. मग तो वाटीत काढून ठेवा.

आता तळण. खोलगट कढई घ्या, ती निम्म्याहून जास्त भरायची नाही, तेल चारेक सेंटीमीटर खोल हवं. वास नसलेलं कुठलंही रिफाइंड तेल चालेल. १७५ डिग्रीवर आणा. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर लाकडी चमच्याचा दांडा तेलात उभा धरा, त्याच्याभोवती लगेच बारीक बुडबुडे यायला लागले की तेल तयार, आणि तेल धुरकटायला लागलं तर मात्र फार पुढे गेलं, गॅस बंद करून थोडं निवू द्या. एका वेळी आठ-दहाच तुकडे. जास्त टाकले की तेल एकदम थंड होतं, आवरण कडक व्हायच्या आधी तेल पितं आणि चिकन तेलकट होतं. पहिलं मिनिटभर झारा लावू नका, नाहीतर पीठ निघून येईल, मग हलकेच एकमेकांपासून सोडवा.

इथे कान द्या. तुकडे टाकले की मोठे बुडबुडे आणि जोराचा चरचराट असतो, तो आवाज म्हणजे चिकनमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. चार मिनिटांनी आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात, रंग फिकट सोनेरी येतो. एवढंच. बाहेर काढा आणि जाळीवर ठेवा, टिश्यू पेपरवर नको, कागदावर खालच्या बाजूला वाफ कोंडते आणि ती बाजू मऊ पडते. जाळी नसेल तर धातूची चाळणी उपडी घाला.

सगळे घाणे झाले की चिकन दहा मिनिटं नुसतं पडू द्या. या वेळात आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या आवरणात येतं, हात लावून बघा, मघाशी कडक असलेलं थोडं नरम लागेल. घाबरू नका, तेच पाणी आपल्याला दुसऱ्या तळणीत उडवायचंय. एकदाच तळून सॉसमध्ये टाकलेलं चिकन मऊ पडतं ते याचमुळे, सॉस बाहेरून भिजवतो आणि आतली वाफ आतून.

सॉस या दहा मिनिटांत. पॅनमध्ये १ टेबलस्पून तेल, पाच-सहा सुक्या लाल मिरच्या अर्ध्या मोडून, १ टेबलस्पून बारीक चिरलेलं आलं, तेवढाच लसूण, अर्धा मिनिट परता, लसूण लाल करायचा नाही. आटवलेला रस, ती सालीची साखर, २ टेबलस्पून सोया सॉस, २ टेबलस्पून राइस व्हिनेगर घाला आणि उकळी आणा. वाटीत दीड टीस्पून कॉर्नफ्लोअर १ टेबलस्पून पाण्यात कालवून थोडं थोडं सोडा, सतत ढवळत. मिनिटभर बुडबुड उकळू द्या, नाहीतर कच्च्या स्टार्चची चव येते. दाटपणा ओळखायचा तर पॅनच्या तळातून चमचा ओढा, वाट उमटून दोन सेकंद टिकली पाहिजे. लगेच भरून आली तर सॉस पातळ आहे, अजून आटवा. फार घट्ट झाला तर चमचाभर पाणी, त्याहून जास्त नाही. थोडा वाटला तरी वाढवू नका, हा सॉस चिकनला फक्त माखण्यापुरता असतो, ताटात वाहणारा सॉस कुरकुरीतपणा टिकू देत नाही. गॅस मंद करून ठेवा.

चेनपी मिळाली तर दोन तुकडे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, आतला पांढरा भाग खरवडून, अगदी बारीक चिरून मिरच्यांबरोबर परता. ताज्या सालीचा वास हलका आणि टवटवीत असतो, वाळलेलीचा खोल, किंचित औषधी. दोन्ही एकत्र फार छान लागतात.

तेल आता १९० डिग्री. चिकन दोन भागांत परत सोडा, दीड ते दोन मिनिटं, रंग खमंग सोनेरी. झाऱ्यात घेऊन हलवलं की तुकडे एकमेकांवर खडखड वाजले पाहिजेत, हा आवाज आला नाही तर अजून अर्धा मिनिट ठेवा. जाळीवर निथळा, पण इथे थांबायचं नाही, मिनिटभरच.

सॉसचा गॅस मोठा करा, उकळी दिसली की चिकन सगळं एकदम टाका आणि पॅन झटकून किंवा दोन चमच्यांनी वीस-तीस सेकंद परता. गॅस बंद. आता बाजूला काढलेला दोन चमचे रस, ती चमचाभर साखर, १ टीस्पून व्हिनेगर, १ टीस्पून तिळाचं तेल, एकदा परता. आटवलेल्या रसाला शिजलेल्या मुरंब्यासारखी एक जड चव येते आणि बराचसा सुवास वाफेबरोबर उडून गेलेला असतो, शेवटी घातलेली ही साल आणि रस तो परत आणतात. हे टाळू नका, निम्मी चव इथे आहे.

लगेच वाढा, पातीचा कांदा आणि भाजलेले तीळ वरून, सोबत साधा वाफवलेला भात. भात वेगळ्या वाडग्यात द्या, गरम भातावर चिकन ठेवलं की खालून वाफ लागते. डबा भरून न्यायचा असेल तर झाकण किंचित उघडं ठेवा, किंवा त्याहून चांगलं, सॉस वेगळा न्या.

एअर फ्रायरमध्ये होतं का असं विचाराल, तर होतं, पिठावर तेलाचा फवारा मारून २०० डिग्रीला बारा-चौदा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चव छान येते पण तो काचेसारखा कडकपणा येत नाही. ज्यांना तळण नको त्यांच्यासाठी मात्र खरंच चांगलं आहे.

पाहुणे येणार असतील तर पहिली तळणी आदल्या दिवशी करून ठेवता येते. चिकन पूर्ण गार करून ताटात सुटं सुटं फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झालं की पिशवीत भरा, महिनाभर राहतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की पहिल्या तळणीतच चिकन आतून पूर्ण शिजलेलं हवं, एक मोठा तुकडा कापून बघा, गुलाबी दिसला तर अजून मिनिटभर तळा. आयत्या वेळी गोठलेलंच १८० डिग्री तेलात चार-पाच मिनिटं, एका वेळी थोडेच तुकडे, वर बर्फ दिसत असेल तर आधी झटकून टाका नाहीतर तेल उडतं. सॉसही दोन दिवस फ्रीजमध्ये चांगला राहतो, पण साल-साखर आणि ताजा रस मात्र त्याच दिवशी, परततानाच घाला.