हाँगकाँगमधलं घरकाम मध्येच सोडून परत यायचंय?

हाँगकाँगमधला घरकामाचा करार 2 वर्षांचा असतो, पण तो मध्येच सोडता येतो. त्यासाठी महिनाभर आधी लेखी नोटीस द्यायची, किंवा नोटिशीऐवजी एका महिन्याचा पगार भरायचा. मालकीणबाईंना नुसतं तोंडी सांगून भागत नाही. दोन ओळींचं पत्र लिहा, वर तारीख टाका, त्यांची सही घ्या आणि तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढून घरच्यांना पाठवून द्या. साठलेली वार्षिक रजा नोटिशीच्या महिन्यात धरली जात नाही, तिचे पैसे वेगळे मिळतात. (इथेच बऱ्याचजणी फसतात.) मारहाण किंवा छळ होत असेल, तर नोटीस न देताही काम सोडता येतं.

शेवटचा हिशेब 7 दिवसांत मिळायला हवा. परतीचं भाडं मालकाकडेच, तुम्ही स्वतःहून काम सोडलंत तरीही. पैसे मोजून हातात आल्याशिवाय पावतीवर सही करू नका. ‘नंतर देते’ म्हणाल्या तर सहीही नंतरच.

करार संपल्याचं इमिग्रेशन खात्याला 7 दिवसांत लेखी कळवा. करार संपल्यापासून पुढे तिथे राहायला साधारण 14 दिवसच मिळतात. व्हिसा त्याआधी संपत असेल तर तेवढेच. म्हणून तिकिटाची तारीख नोटीस देतानाच बोलून घ्या.