बाथरूमच्या छतावरील ओलीचे डाग : रंगकामाआधीची तयारी

बाथरूमच्या छतावर पिवळट, तपकिरी किंवा काळपट डाग दिसू लागले की पुष्कळदा थेट रंगाचा डबा आणला जातो आणि थोड्याच दिवसांत तोच डाग नव्या रंगातून पुन्हा वर येतो. म्हणून ओल नेमकी कुठून येते हे शोधणे हेच रंगकामाच्या तयारीतले सर्वांत मोठे काम समजावे.

त्यासाठी भक्कम शिडी, टॉर्च, पेन्सिल, वही, चिकटपट्टी, अॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा रंग, आर्द्रतामापक, मास्क आणि हातमोजे आधीच जमवून ठेवावेत. डाग दिव्याजवळ किंवा एक्झॉस्ट फॅनजवळ असेल तर वर हात लावण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा. प्लास्टर फुगून खाली आले असेल तर त्याखाली उभेच राहू नये; तिथे जाणकार माणसाला बोलवावे.

नंतर डागाची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी, कारण डाग वाढतो आहे की जुना आहे हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही. डागाचा रंग आणि आकारही पुष्कळ सांगतो. कोपऱ्यांत व बाहेरच्या भिंतीलगत विखुरलेले काळे-हिरवट ठिपके ही बहुधा बुरशी असते. गरम पाण्याची वाफ थंड छतावर साचते आणि ती ओल बुरशीला पुरते. तपकिरी कडेचे वर्तुळ मात्र वरून झिरपणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवते, कारण पाणी सुकताना त्यात विरघळलेली द्रव्ये कडेला जमा होतात. तांबूस-नारिंगी छटा गंजलेल्या खिळ्याची किंवा सळईची असू शकते, तर पांढरी भुकटी म्हणजे काँक्रीटमधून पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. नुकत्याच रंगवलेल्या छतावरचे पिवळट, चिकट ओघळ पाहून घाबरू नये. रंग पुरता पक्का होण्याआधी वाफ लागली की त्यातील विरघळणारे घटक पृष्ठभागावर येतात आणि पाण्याने पुसले की जातात.

वाफ की गळती, हा संशय उरला तर डागाचा भाग कोरडा पुसून त्यावर फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवावा आणि बाथरूम नेहमीप्रमाणे वापरून साधारण एका दिवसाने पाहावे. खोलीकडच्या बाजूला दव दिसले तर वाफेचे कारण धरावे, आणि फॉइलच्या मागे ओल असेल तर पाणी छतातून येते आहे. मागची बाजू कोरडी निघाली म्हणून गळती नाहीच असे मात्र लगेच ठरवू नये, कारण काही गळत्या वरचे बाथरूम वापरले तेव्हाच किंवा पाऊस पडल्यावरच जाग्या होतात. डाग केव्हा ओला होतो याची नोंद इथे फार उपयोगी पडते: सतत ओल असेल तर दाबाखालच्या नळवाहिनीचा संशय घ्यावा, वापरानंतरच ओल दिसत असेल तर सांडपाण्याच्या पाइपचा, फरशीच्या सांध्यांचा किंवा वॉटरप्रूफिंगचा. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला विनंती करून फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घालावा. फ्लश न करताही तो भांड्यात उतरला तर टाकीची झडप गळते आहे एवढेच कळते, पण फ्लश केल्यावर तोच रंग तुमच्या छतावर उमटला तर गळतीचा मार्गच सापडतो.

एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर कागदी रुमाल धरून तो ओढला जातो का ते पाहावे, आणि फॅनची हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत न जाता इमारतीबाहेर पडते ना, याचीही खात्री करावी. आंघोळीनंतर फॅन आणखी 20 ते 30 मिनिटे चालू ठेवावा. एरवी आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहणे चांगले.

बुरशी पुसताना ब्लीच कधीही अमोनिया किंवा आम्लयुक्त क्लीनरमध्ये मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. बुरशी सुमारे एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल तर व्यावसायिक मदत घ्यावी. जुन्या खडबडीत छतात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असण्याची शक्यता असल्यास तपासणी होईपर्यंत ते खरवडू नये. कारण दूर करून छत पूर्ण वाळल्यावर डाग रोखणारा प्रायमर लावावा आणि मगच रंग द्यावा. प्रायमरशिवाय लावलेल्या साध्या, पाण्यात कालवलेल्या रंगात जुना तपकिरी डाग विरघळून वर येतो.