मेव्हन: जॅक्सनच्या आवृत्त्यांचा घोळ असा सुटला

आमच्या जावा प्रकल्पात ९ मॉड्यूल. बांधणी मेव्हनने, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी आणून प्रकल्प बांधणाऱ्या साधनाने; जेसन डेटा हाताळायला जॅक्सन ही लायब्ररी. बिल्ड बिनतक्रार व्हायचा, पण सर्व्हर सुरू झाला की 'नो सच मेथड एरर', म्हणजे बोलावलेली मेथड सापडत नाही. दोन दिवस कोड चाळण्यात गेले. शेवटी 'डिपेंडन्सी:ट्री' चालवलं; कोणती लायब्ररी कुणामागून येते, ते ही मेव्हनची आज्ञा झाडासारखं दाखवते. जॅक्सनच्या जुळायला हव्या अशा दोन भागांपैकी जॅक्सन-डेटाबाइंड २.१५, जॅक्सन-कोअर मात्र जुनी २.९! मेव्हन सर्वांत नवी आवृत्ती निवडत नाही, झाडात आपल्या प्रकल्पाला सर्वांत जवळची निवडतो. आणि एका मॉड्यूलच्या पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) जुनी कोअर थेट लिहिलेली होती.

पॅरेंट पॉमच्या (सगळ्या मॉड्यूलच्या सामाईक पॉमच्या) डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे आवृत्त्या एका जागी ठरवण्याच्या विभागात, जॅक्सनचा बॉम (त्याच्या भागांच्या जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) घेतला: टाइप पॉम, स्कोप इम्पोर्ट. एवढ्याने भागत नाही, कारण मॉड्यूलमध्ये लिहिलेली आवृत्ती पॅरेंटवर मात करते. म्हणून नऊही पॉममधले जॅक्सनचे व्हर्जन टॅग काढले. दुसऱ्या लायब्ररीमागून येणाऱ्या जॅक्सनलाही आता तीच आवृत्ती लागते, याचं मला फार समाधान आहे.