महिला कैद्यांसाठी अर्ज लिहिताय? बँकॉक नियमांच्या बाबतीत या चुका टाळा

‘भारताने बँकॉक नियमांवर सही केलेली असून...’ अशी सुरुवात असलेला अर्ज समोर आला की मी आधी ते वाक्य खोडते. सही करायला तो करारच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 21 डिसेंबर 2010 रोजी ठराव करून महिला कैद्यांविषयीचे हे 70 नियम स्वीकारले. त्याआधीच्या वर्षी तज्ज्ञांची बैठक बँकॉकला झाली होती, म्हणून हे नाव. सही आणि मान्यता लागते ती कराराला. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या कराराला भारताने 1993 साली मान्यता दिली आहे, तो उल्लेख खुशाल करा. नियमांचं स्थान वेगळं आहे, आणि ते न समजल्यामुळे चांगल्या केसेस वाया जाताना मी पाहिल्या आहेत.

एका तालुक्याच्या कोर्टात झालेला प्रकार सांगते. अंगावर पिणारं बाळ घेऊन आत असलेली बाई, चोरीचा आरोप, आधीचा एकही गुन्हा नाही. मोफत विधी सेवेतून मिळालेला वकील तरुण आणि मनापासून काम करणारा. त्याने बँकॉक नियमांची अख्खी इंग्रजी प्रत अर्जाला जोडली आणि युक्तिवादही तिथूनच सुरू केला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, ‘वकीलसाहेब, कलम कुठलं?’ तो पानं उलटत राहिला. सरकारी वकील म्हणाले, आरोपीला कायमचा पत्ता नाही, पळून जाईल. अर्ज फेटाळला गेला, आणि बाळासह त्या बाईचे पुढचे कित्येक आठवडे बरॅकमध्ये गेले.

कलम होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 च्या परंतुकात (मुख्य नियमाला अपवाद सांगणाऱ्या भागात) आरोपी स्त्री असेल तर अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन देता येतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जुन्या संहितेत हेच कलम 437 होतं. शिवाय आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच, म्हणजे बँकॉक नियमांच्या चार वर्षं आधी, तुरुंगातल्या आया आणि मुलांबद्दल सविस्तर निर्देश दिले आहेत. पुढे वरच्या कोर्टात दोन पानांचा अर्ज केला. आधी 480 चं परंतुक, मग घटनेचा अनुच्छेद 21 (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क), मग उपाध्याय निकाल, आणि शेवटच्या परिच्छेदात बँकॉकचा नियम 64: गरोदर किंवा लहान मुलं अवलंबून असलेल्या स्त्रीसाठी शक्य असेल तिथे कैदेऐवजी दुसरा मार्ग निवडावा. जामीन झाला.

माझा क्रम आजही तोच आहे. देशाचा कायदा पुढे, आंतरराष्ट्रीय नियम त्याच्या पाठीशी. कोर्टाने विचारलंच की हे नियम आम्ही का वाचावेत, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालाकडे (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा) बोट दाखवा: देशातल्या कायद्यात पोकळी असेल तिथे मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेता येतो असं तिथे म्हटलं आहे. मात्र तिथे मुख्य भर करारांवर आहे, म्हणून 1993 ची मान्यता सोबत सांगायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे तयार मसुदे वापरायला माझा ठाम विरोध आहे. त्यात नाव बदललेलं असतं आणि बाईचं वय, गुन्हा, मुलं मात्र दुसऱ्याच कुणाची असतात.

काही चुका दोन ओळींत आटोपतात.

बँकॉक आणि मंडेला नियमांची सरमिसळ नको. मंडेला नियम म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम; ते 2015 चे, 122 आहेत आणि सगळ्या कैद्यांना लागू आहेत. बँकॉक नियम त्यांना पूरक आहेत. महिला विभागाच्या किल्ल्या महिला अधिकाऱ्याकडेच असाव्यात हा नियम मंडेलात 81 व्या क्रमांकावर आहे. ‘नियम 53’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, मजकूर 1955 च्या जुन्या नियमांवरून उतरवला आहे.

‘पॅड मिळतात का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येतं आणि पाहणी तिथेच संपते. महिन्याला किती मिळतात, कुणाकडे मागावे लागतात, वापरलेले कुठे टाकतात, पाणी किती वाजता येतं आणि कधी जातं, हे विचारा. बँकॉक नियम 5 मध्ये मोफत पॅडच्या बरोबरीने पाण्याचा नियमित पुरवठाही आहे, त्यात भिशीत (तुरुंगाच्या स्वयंपाकघरात) स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा वेगळा उल्लेखही आहे. तो भाग कुणी वाचतच नाही.

शिक्षा म्हणून मुलाकात (घरच्यांची भेट) बंद केली असेल तर ‘तुरुंगाची शिस्त आहे’ म्हणून परत फिरू नका. कुटुंबाशी, विशेषतः मुलांशी संपर्क तोडणं ही शिस्तभंगाची शिक्षा असता कामा नये, हे बँकॉक नियम 23 सांगतो.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. बरॅकमधल्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं, त्याला दूध, लस, पाळणाघर मिळायला हवं, नियम 49 प्रमाणे त्याला कैदी म्हणून वागवायचं नाही, हे नवे कार्यकर्ते पाठ करून येतात. बाहेर राहिलेल्या मुलांचं कुणी विचारत नाही. खरं तर नियम 2 आणि 3 पहिल्या दिवसासाठीच आहेत. आत घेण्याआधी किंवा घेताना आईला मुलांची व्यवस्था लावू द्यायची, गरज पडल्यास त्यासाठी कैद काही काळ पुढेही ढकलता येते. मुलं किती, वयं काय, कुठे आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, याची नोंद घ्यायची.

ऊसतोडीच्या कुटुंबातली एक बाई आत आली. नवरा टोळीबरोबर कारखान्यावर होता. नोंदीत मुलांच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं. भेटायला गेलेल्या कार्यकर्त्या मुलींनी तीच नोंद आपल्या फॉर्मवर उतरवून घेतली. काही महिन्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात गावचं एक माणूस भेटलं तेव्हा कळलं, तीन मुलं आहेत. थोरलीची शाळा सुटली होती, ती एका नातेवाइकाकडे घरकामाला होती. धाकटी दोघं शेजारणीच्या भरवशावर.

बाईने ‘नाही’ का सांगितलं? सरकार मुलं उचलून नेईल आणि पुन्हा दिसणार नाहीत, या भीतीने. ही भीती फार जणींना असते. म्हणून ‘अपत्ये किती?’ हा प्रश्न मी विचारत नाही. आधी सांगते की ही माहिती पोलिसांना द्यायची नाही, मुलांची सोय लावायला लागते. नियम 3 मध्येही ती गोपनीय ठेवायची आणि मुलांच्या हितासाठीच वापरायची असं आहे. मग विचारते, ‘काल रात्री पोरांना जेवायला कुणी घातलं असेल?’ त्यानंतर बाई रडते, आणि मग बोलते. पेन खाली ठेवून ऐका. उतावळे लोक इथेच पुढच्या प्रश्नावर जातात. यादीत अजून दहा बायका आहेत हे मलाही माहीत असतं, पण अर्धवट विचारलेल्या दहा जणींपेक्षा नीट विचारलेल्या तिघी बऱ्या.

माहिती मिळाली की त्याच दिवशी हालचाल करा. मूल एकटं असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, मग जिल्ह्याची बालकल्याण समिती, नातेवाईक सांभाळत असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज. आणि मुलांची खबर आईपर्यंत पोहोचवा. हे शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं.

‘महिला शिपाई शेजारी आहे, तेव्हा बाई मोकळेपणाने बोलेल’ हा समज सोडून द्या. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये एका कैदी महिलेचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला दाखल झाला. त्या सहाही जणी स्त्रियाच होत्या. वकिलाची भेट कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर असली तरी कानांआड असावी, हे मंडेला नियम 61 सांगतो. तेवढं अंतर मागून घ्या. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 15 महिला कैद्यांशी बोलल्या आणि त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीतली मारहाण सांगितली. महिला आरोपींसाठी वेगळी कोठडी आणि महिला शिपायांचा पहारा असावा असा सर्वोच्च न्यायालयाचा 1983 चा निकाल त्यातूनच आला. लैंगिक अत्याचाराबद्दल मात्र पहिल्याच भेटीत खोदून विचारू नका. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा.

प्रसूतीच्या वेळी, कळा सुरू असताना आणि लगेच नंतर बेड्या नकोत: बँकॉक 24, मंडेला 48. दवाखान्यात नेण्याआधीच लेखी अर्ज देऊन ठेवा, कारण कळा सुरू झाल्यावर तुम्हाला कुणी फोन करणार नाही. गरोदर बाईसाठी त्याआधी तात्पुरत्या जामिनाचा विचार करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा असा जामीन दिलेला आहे.

शेवटची चूक वकिलांची. जामिनाचा आदेश झाला की फाईल कपाटात जाते आणि बाई आतच राहते, कारण जामीनदार नाही. पुरुष कैद्यासाठी बायको, आई, बहीण कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. बाईसाठी येणारं माणूस क्वचितच दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलं आहे की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. मी सात दिवस थांबत नाही. जामिनाच्या अर्जातच जातमुचलक्याची (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सुटण्याची) पर्यायी मागणी घालते, आणि आदेशाच्या दुसऱ्या दिवशी कारागृहात फोन करून ती सुटली का हे विचारते.