सेफ्टी वेगळी, सिक्युरिटी वेगळी: एमआयडीसीत नव्याने येणाऱ्यांसाठी

सेफ्टीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे सेफ्टी आणि सिक्युरिटीत फरक काय. बहुतेक पोरं सांगतात, "सेफ्टी माणसांसाठी, सिक्युरिटी मालासाठी." हे उत्तर चुकीचं आहे. रात्रपाळी संपल्यावर महिला कामगारांच्या बसमध्ये गार्ड बसवतात, ते सिक्युरिटीचं काम, आणि तिथे राखायची असतात ती माणसंच. उलट बॉयलर, टाकी, शेड यांना आगीपासून वाचवणं सेफ्टीत येतं. फरक पाहायचा तो धोका कुठून येतो यात. ज्या नुकसानीमागे कुणाचा हेतू नसतो ती सेफ्टीची बाजू: प्रेसमध्ये बोट जाणं, शिडी घसरणं, टाकीतला गॅस. ज्यामागे कुणीतरी ठरवून काही करतं ती सिक्युरिटीची: तांब्याची वायर पळवणं, भिंतीवरून आत येणं, ड्रॉइंग बाहेर नेणं.

मराठीत दोन्हींना 'सुरक्षा' म्हणतात, म्हणून जाहिरातीतही घोळ होतो. 'सुरक्षा अधिकारी पाहिजेत' असं वाचून डिप्लोमावाला अर्ज करतो आणि गेलं तर गेटवरची बारा तासांची ड्युटी निघते. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठेही अर्ज करण्याआधी फोन करून एकच गोष्ट विचारा: रिपोर्टिंग कुणाला? प्लांट हेड, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सेफ्टीचं खातं) किंवा प्रॉडक्शन म्हणाले तर सेफ्टी. अ‍ॅडमिन, सिक्युरिटी एजन्सी किंवा निवृत्त फौजी मॅनेजरचं नाव आलं तर सिक्युरिटी.

हेतू असणं-नसणं ऐकायला पुस्तकी वाटतं, पण रोजच्या कामाच्या सवयी त्यावरूनच ठरतात. मशीन डाव खेळत नाही. प्रेसला नीट इंटरलॉक गार्ड (उघडा असला की मशीन चालूच न देणारं कव्हर) बसवला तर प्रेस काही तो चुकवायची युक्ती काढत नाही. (ऑपरेटर काढतो, टार्गेट पुरं करायला सेन्सरवर टेप लावतो, पण त्याला स्वतःचा हात तोडायचा नसतो.) म्हणून सेफ्टीचं सगळं उघड्यावर चालतं. धोक्याच्या जागा, गॅस व्हॉल्व्हची ठिकाणं, बाहेर पडायच्या वाटा, अपघातांचे आकडे, सगळं बोर्डावर. जितक्यांना माहीत तितकं बरं. चोर मात्र बघून शिकतो. गार्डची फेरी रोज रात्री २ वाजता असेल तर तो सव्वादोनला येतो. त्यामुळे फेरीच्या वेळा बदलत्या ठेवायच्या, कॅमेरा कुठे पोचत नाही ते सांगत सुटायचं नाही, चावीच्या रजिस्टरला ज्याचा संबंध त्यानेच हात लावायचा.

आता इथे नवी माणसं कुठे फसतात ते पाहा. घटना घडल्यावर सेफ्टीवाला विचारतो, "असं कसं झालं?" सिक्युरिटीवाला विचारतो, "कुणी केलं?" दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण गेटवरून बढती मिळून सेफ्टीत आलेला माणूस अपघातानंतर कामगाराला टेबलासमोर उभं करून जबाब घेतल्यासारखं विचारू लागला की पुढच्या महिन्यात निअर मिसच्या वहीत एक नोंद येत नाही. निअर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. क्रेनची स्लिंग तुटली पण खाली कुणी नव्हतं, असला प्रकार. या नोंदी कमी झाल्या म्हणजे कारखाना सुधारला असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा लोक गप्प बसलेले असतात. सेफ्टीच्या चौकशीत 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' हे कारण लिहून फाइल बंद करू नका. तो निष्काळजी का राहू शकला ते लिहा: मशीनचा गार्ड काढून ठेवला होता का, कुणाच्या परवानगीने, दुरुस्तीनंतर परत का बसवला नाही, ते तपासायचं काम कुणाचं होतं. याच्या उलट, चोरीच्या चौकशीत सगळ्यांसमोर मोकळी चर्चा करत बसलात तर पुरावा गेला म्हणून समजा.

भोपाळच्या वायुगळतीचं उदाहरण दोन्ही बाजूंनी अभ्यासावं असं आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेलं आणि मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. पाणी पाइप धुताना गेलं की कुणी मुद्दाम सोडलं, यावर वाद झाला. युनियन कार्बाइड कंपनीने घातपाताची बाजू लावून धरली. पण टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिने बंद होती आणि गॅस जाळणारा फ्लेअर टॉवर त्या रात्री वापरात नव्हता, या गोष्टी पाणी कुणाच्या हातून गेलं यावर अवलंबून नाहीत. मुलाखतीत हे उदाहरण दिलंत तर समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, आणि ते चांगलं लक्षण असतं.

दोन्ही खाती एकाच जागी भेटतात ती जागा म्हणजे गेट. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत भंगाराचा ट्रक येतो तेव्हा नीट बघा. गार्ड गाडी नंबर, चलन, ड्रायव्हरचं लायसन्स बघतो, वजनकाट्यावर भरलेलं वजन घेतो, माल उतरल्यावर रिकामं. काट्यावर असताना क्लीनर खाली उतरला आहे की गाडीत बसलाय, डिझेल टाकी किती भरली आहे, गाडीत पाण्याचा ड्रम ठेवलाय का, हे वजनात फरक पाडून चोरी करायचे जुने मार्ग. हे झालं सिक्युरिटीचं. त्याच ट्रकमध्ये सेफ्टीवाला शोधतो बंद तोंडाचं काहीही: जुने गॅस सिलिंडर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही टोकं चेपलेला पाइप, शिवाय पावसात भिजलेलं भंगार. इंडक्शन फर्नेसमधला रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, साधारण १६०० अंशांवर असतो. त्याच्या खाली किंवा बंद वस्तूत पाणी अडकलं की त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. रस उसळून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांवर येतो. भंगार पाठवणाऱ्याने सिलिंडर मुद्दाम टाकलेला नसतो, म्हणून हा धोका सेफ्टीचा, पण तो पहिल्यांदा दिसू शकतो गार्डलाच. शहाण्या कारखान्यात गार्डच्या चेकलिस्टमध्येच 'बंद वस्तू, ओलं भंगार' असा रकाना असतो आणि शंका आली तर ट्रक यार्डाच्या कडेला उभा करायचा अधिकार त्याला दिलेला असतो. अधिकार न देता नुसता रकाना ठेवला तर तो डोळे झाकून टिक होतो.

जिथे दोन्ही खाती भांडतात ती जागा म्हणजे मागचं दार. स्टोअरमधून माल जातो म्हणून सिक्युरिटी कुलूप लावते. आग लागली तर तिथूनच बाहेर पडायचं म्हणून सेफ्टी कुलूप काढायला सांगते. यात मधला रस्ता काढता येतो, आणि 'चावी गार्डकडे आहे' हा तो रस्ता नव्हे. धुरात गार्ड सापडत नाही. आतून आडव्या दांड्याला ढकललं की उघडणारं, बाहेरून न उघडणारं पॅनिक बार बसवा, त्याला उघडताच वाजणारा अलार्म जोडा, वर कॅमेरा लावा. माल गेला तर कळतं, माणूस अडकत नाही. दोन्ही खात्यांना हे मान्य होत नसेल तर दार उघडं राहील असं ठरवा आणि मालाची जागा बदला.

आता पात्रता. महाराष्ट्रात सेफ्टी ऑफिसरसाठी १९८२ चे राज्याचे नियम आहेत. इंजिनिअरिंगची पदवी आणि कारखान्यातल्या सुपरवायझरी कामाचा २ वर्षांचा अनुभव, किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी अथवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आणि ५ वर्षांचा अनुभव. यावर सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीची पदवी किंवा डिप्लोमा हवाच. इथे चालतो तो एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) एक वर्षाचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, ज्याला सगळे एडीआयएस म्हणतात, किंवा मुंबईत सायनला असलेल्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा. कामगारांची भाषा येणं हीसुद्धा लेखी अट आहे, आणि जालन्याच्या फर्नेसवर ती बऱ्याचदा हिंदी-भोजपुरी असते.

तालुक्याच्या गावी 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, १०० टक्के नोकरी' असे फ्लेक्स लागतात. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्रावर कुणाची सही असणार ते विचारा आणि एमएसबीटीईच्या साइटवर संस्था आणि कोर्स शोधा. नाव सापडलं नाही तर तो कागद कायद्याने लागणाऱ्या सेफ्टी ऑफिसरच्या जागेवर चालत नाही, फारतर ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून उपयोगी पडतो. नेबॉश या ब्रिटिश सेफ्टी सर्टिफिकेटचंही तसंच. आखातात जायचं असेल तर त्याला वजन आहे, इथल्या कारखान्यात तो एडीआयएसची जागा घेत नाही.

जागा किती निघतात हे कायद्यावर ठरतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सेफ्टी ऑफिसरची अट १००० कामगारांपासून होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या ओएसएच कोडमध्ये (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांचा नवा केंद्रीय कायदा) ती ५०० वर आली आहे. धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०, बांधकामावरही २५०. वाळूज-शेंद्र्याच्या मध्यम कारखान्यांसाठी हा फरक मोठा आहे.

सिक्युरिटीचा कायदा वेगळा: २००५ चा, खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठीचा, बोलीत 'पसारा'. वय १८ ते ६५. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे पुरुषांची उंची १६० सेंमी, महिलांची १५०, आणि १ किलोमीटर ६ मिनिटांत. ट्रेनिंग १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिकांना आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, ७ दिवसांत. दोन दिवसांत युनिफॉर्म देऊन गेटवर उभं करणारी एजन्सी हे नियम पाळत नाही एवढं ओळखा. पगाराच्या चिठ्ठीत पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयसीचे ०.७५ टक्के कापलेले दिसले पाहिजेत, आणि पीएफचे कापलेले पैसे खात्यावर खरंच जमा झाले का ते यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) टाकून बघता येतं. राज्याच्या १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळंही आहेत. मंडळाची नोंदणी मिळाली तर एजन्सीपेक्षा स्थिर नोकरी.

गार्डने एक मर्यादा लक्षात ठेवावी. पोलिसांसारखे अधिकार त्याला नसतात, पोलिसांसारखा युनिफॉर्मही चालत नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणाही नागरिकाप्रमाणे तो माणसाला धरू शकतो, पण नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० प्रमाणे ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. केबिनमध्ये कोंडून चोप देणं हा गार्डनेच केलेला गुन्हा ठरतो. महिलांची झडती महिला गार्डनेच घ्यायची.

सेफ्टीत रुजू झाल्यावर आधी परमिट शिका, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधी द्यायची लेखी परवानगी. साखर कारखाना, इथेनॉल प्लांट, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), जिथे टाकीत माणूस उतरवायचा असतो तिथे हे जिवाशी आहे. मोलॅसिसची (मळीची) टाकी वरून रिकामी आणि निरुपद्रवी दिसते, आत आंबून कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. गॅस मीटर नुसता मॅनहोलशी धरून वाचू नका. दोरीला बांधून किंवा नळी सोडून वर, मध्ये आणि तळाला वाचा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली. आत नेलेला हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको. मॅनहोलशी एक माणूस पूर्ण वेळ उभा, आणि त्याला एकच सूचना पुन्हा पुन्हा: आतला पडला तर मागोमाग उतरू नकोस. टाकीत एकाऐवजी तिघं मरतात ते यामुळे. सुटकेची दोरी आणि ट्रायपॉड आधी लावून ठेवायचे, मग परमिटवर सही.

वेल्डिंगच्या परमिटमध्ये लोक ठिणगी विसरतात. ११ मीटरच्या आतलं जळाऊ सामान हलवा किंवा झाका, आणि काम संपल्यावर फायर वॉच (आगीवर नजर ठेवणारा माणूस) किमान अर्धा तास तिथेच थांबवा. आग बरेचदा सगळे जेवायला गेल्यावर धरते.

आकड्यांचं काम महिन्याला एकदाच, पण मुलाखतीत विचारतात. फ्रिक्वेन्सी रेट म्हणजे काम बुडवणाऱ्या अपघातांची संख्या गुणिले १० लाख, भागिले एकूण मनुष्यतास. ४०० कामगार, ८ तास, ३०० दिवस, म्हणजे ९ लाख ६० हजार तास. त्यात २ अपघात, तर रेट २.०८. भाजकात ठेकेदाराच्या माणसांचे तास धरलेत आणि त्यांचे अपघात धरले नाहीत, की आकडा छान दिसतो. ऑडिटर पहिल्यांदा तेच बघतो.

कंट्रोल रूममध्ये जायचं असेल तर दोन्ही शब्द एकाच कपाटात सापडतील. प्लांट धोक्यात आला की तो आपोआप बंद करणारी यंत्रणा ही सेफ्टी, त्यासाठी आयईसी ६१५०८ हे आंतरराष्ट्रीय मानक. तिच्यात बाहेरून कुणी घुसू नये ही सिक्युरिटी, आयईसी ६२४४३. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर नेमक्या या सेफ्टी यंत्रणेवरच व्हायरस सोडला गेला होता. बिडकीन-शेंद्र्याच्या नव्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या पोरांनी इकडे लक्ष ठेवावं, ही माणसं अजून कमी आहेत.

जॉइनिंगच्या दिवशी नियुक्तिपत्रात पदनाम नीट वाचा. सेफ्टीचं काम देऊन कागदावर 'सुपरवायझर, अ‍ॅडमिन' लिहिलं असेल तर पुढे अनुभवाचा दाखला सेफ्टी ऑफिसरच्या अर्जाला जोडता येत नाही. दुरुस्ती पहिल्याच आठवड्यात लेखी मागा, एचआरला मेल करून.