ट्रंकेतला इंग्रजी दस्त कसा वाचायचा

सोलापुरातल्या जुन्या घरांत निघणारे बहुतेक दस्त मोडीत नाहीतर मराठीत असतात. इंग्रजी दस्त निघाला, तर व्यवहारात बहुधा बँक, मिल किंवा मुंबईचा सॉलिसिटर होता असे धरून चाला. जागा शुक्रवार पेठेतली किंवा बाळीवेशीतली असते, भाषा मात्र काही शतकांपूर्वीच्या इंग्लंडातली. ती शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवायला बसलात तर हमखास फसाल. कोणता शब्द हक्क देतो आणि कोणता नुसता साच्याबरोबर आलाय, एवढेच ओळखायचे असते.

मूळ कागद लॅमिनेट करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. स्टँपचा उठाव आणि पाठीवरचे शेरे पुढे तपासावे लागतात. दोन्ही बाजूंची मोठ्या आकारात झेरॉक्स काढा आणि पेन्सिल त्यावर चालवा. पाठीवर नोंदणीचा क्रमांक, साल आणि ‘बुक नंबर 1’ सापडले तर ते वेगळे टिपून ठेवा. स्थावर मिळकतीचे दस्त याच पुस्तकात नोंदले जातात आणि दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढताना हेच आकडे लागतात. नकलेत सहीच्या शेजारी ‘एल. एस.’ दिसले, तर ती कुणाची आद्याक्षरे नव्हेत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मोहोरेची जागा’. मुळावर जिथे मोहोर होती तिथे नक्कलकार एवढेच लिहितो.

अशा दस्तात स्वल्पविराम जवळजवळ नसतात, पण काही शब्द मोठ्या अक्षरांत काढलेले असतात: धिस इंडेंचर, व्हेअरअ‍ॅज, नाऊ धिस इंडेंचर विटनेसेथ, टू हॅव अँड टू होल्ड, प्रोव्हायडेड ऑल्वेज, इन विटनेस व्हेअरऑफ. प्रत्येकाच्या आधी आडवी रेघ मारा. दोन पानांचे एकच वाक्य सहा तुकड्यांत मोकळे होते. ‘इंडेंचर’ म्हणजे दातेरी. एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून मधून नागमोडी कापत. दोन तुकड्यांचे दाते जुळले की दस्त खरा. एकाच पक्षाने केलेल्या दस्ताची कड सरळ कापत, म्हणून तो ‘डीड पोल’. आपल्याकडच्या कागदावर दाते शोधू नका, नाव तेवढे राहिले आहे.

वाचायला शेवटून सुरुवात करा. शेड्यूलमध्ये चतुःसीमा असते. ‘ऑन ऑर टुवर्ड्स द ईस्ट बाय’ याचा अर्थ आपल्या जागेच्या पूर्वेला काय आहे, एवढाच. कोऱ्या कागदावर चौकोन काढून चारी बाजू भरा. शेजाऱ्यांची नावे तेव्हाची असतात आणि जुना म्युनिसिपल घर नंबर म्हणजे सिटी सर्व्हे नंबर नव्हे. म्हणून हा चौकोन नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकाशी बोळ, रस्ता अशा न हलणाऱ्या खुणांवरून जुळवा. इथेच ‘मेस्विज’ हा शब्द भेटतो. टाइप करणारे त्याचा ‘मेसेज’ करून टाकतात आणि मग घराच्या वर्णनात निरोप कुठून आला याचा उलगडा होत नाही. मेस्विज म्हणजे घर, त्याला लागून असलेले परसू आणि आवारातल्या खोल्या. आड परसात असेल तर तो यात धरला जातो.

मग ‘विटनेसेथ’चा तुकडा. तिथे ‘ग्रांट, बार्गेन, सेल, एन्फिऑफ, रिलीज अँड कन्फर्म’ अशी क्रियापदांची रांग असते. एकेकाळी प्रत्येकाची पद्धत वेगळी होती. एन्फिऑफ म्हणजे जमिनीवर उभे राहून मातीचे ढेकूळ हाती देत ताबा देणे. बार्गेन अँड सेलला 1536 च्या ‘स्टॅट्यूट ऑफ यूझेस’ या इंग्लंडातल्या कायद्यामुळे वजन आले. सोलापूरच्या दस्तात या सगळ्या रांगेचा अर्थ एकच: विकले. सहा मराठी क्रियापदे शोधत बसू नका. ‘हेअर्स, एक्झिक्युटर्स, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स’ मात्र नीट वाचा. इंग्लंडात जमीन वारसाकडे (हेअर) आणि जंगम मालमत्ता एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याकडे, जाई, म्हणून दोघांची नावे घ्यावी लागत. ‘असाइन्स’चा सहीशी काही संबंध नाही, ज्यांच्याकडे हक्क पुढे हस्तांतरित होतो ते असाइन्स. ‘हेअर्स’ शब्द गाळला तर तिकडे जुन्या कायद्याने हयातीपुरताच हक्क मिळे. आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 8 उलट सांगते: वेगळा हेतू दिसत नसेल, तर देणाऱ्याचा सगळा हक्क जातो.

खरा धोका ‘प्रोव्हायडेड ऑल्वेज’च्या तुकड्यात आहे. वर ‘कायमचे, पूर्णपणे हस्तांतर’ लिहिलेले असते आणि इथे हळूच येते की अमुक तारखेला रक्कम व व्याज फेडल्यास मिळकत परत करून द्यावी. हे वाक्य सापडले की हातातला कागद बहुधा खरेदीखत नाही, ‘इंग्लिश मॉर्गेज’ आहे, म्हणजे त्याच कायद्याच्या कलम 58 मधला गहाणाचा एक प्रकार. मथळा काय म्हणतो याला महत्त्व नाही. इंग्लंडच्या कॉमन लॉ कोर्टात तारीख चुकली की जमीन गेली. तिथल्याच चॅन्सरी कोर्टाने, म्हणजे कायद्याच्या अक्षरापेक्षा न्यायबुद्धीला धरून चालणाऱ्या वेगळ्या कोर्टाने, तारखेनंतरही गहाण सोडवू द्यायला सुरुवात केली. तो हक्क म्हणजे ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’. आपल्याकडे सावकारी कागदांत ‘गहाण-लहाण’ची अट असे: मुदतीत पैसे न दिल्यास हेच खरेदीखत समजावे. 1864 मध्ये मुंबई हायकोर्टाने अशा गहाणाला चॅन्सरीचेच तत्त्व लावले आणि मुदत टळली तरी कर्जदाराला जमीन सोडवता येईल असे ठरवले. त्यामुळे ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन विकली’ असे वाचून काहीतरी दुय्यम हक्क विकला असे समजू नका. भारतीय कायद्यात गहाण देणारा मालकच राहतो. त्या विक्रीत मालकीच जाते, गहाणाच्या बोजासकट.

दस्त 1930 च्या आधीचा असेल तर ट्रंक पुन्हा चाळा. त्याच तारखेचा परत विकून देण्याचा वेगळा करार असू शकतो आणि दोन्ही मिळून सशर्त विक्रीचे गहाण ठरू शकते. 1929 च्या दुरुस्तीने अट त्याच दस्तात असणे सक्तीचे केले. त्यानंतरच्या दस्तात बाहेरच्या कागदावरून गहाण सिद्ध होत नाही.

‘फ्रॉम टाइम इमेमोरियल’ हे शब्द बोळातल्या वहिवाटीपाशी किंवा पन्हाळीच्या पाण्यापाशी येतात. अर्थ ‘स्मरणापलीकडच्या काळापासून’. इंग्रजी कायद्यात या स्मरणाची हद्द 1189, पहिला रिचर्ड गादीवर आला ते साल. सोलापुरातल्या शेजाऱ्याशी भांडताना तिथवर जायची गरज नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे 20 वर्षांचा उघड, शांत आणि हक्काने केलेला अखंड वापर दाखवावा लागतो. परवानगीने चाललेला वापर मोजत नाहीत.

कागद गहाणाचा निघाला तर तारखा काढून ठेवा. 1963 च्या मुदत कायद्याने गहाण सोडवायला 30 वर्षे मिळतात, सोडवण्याचा हक्क सुरू झाला तेव्हापासून. ताबेगहाण असेल, म्हणजे सावकार जागेच्या उत्पन्नातून पैसे वळते करून घेत असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे पैसे फिटेपर्यंत ही मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. वकिलाकडे जाताना रेघा मारलेली झेरॉक्स, चौकोन, मालमत्ता पत्रक आणि असतील तेवढ्या जुन्या पावत्या एकत्र न्या.